रविवारचा पाय

शनिवार, १३ ऑगस्ट २०११. आमगाव

काल नागपूरला जाऊन आलो. डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला, जांघ चाचपली, छातीचा फोटो उजेडावर धरला आणि म्हणाल्या, "टेंभुर्णे, आता तीन महिन्यांनी नाही, सहा महिन्यांनी या." बाहेर बाकावर बसलेल्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याला लॉटरी लागली. मला घाम फुटला. तीन महिने म्हणजे कोणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे. सहा महिने म्हणजे दावं सोडून रानात हाकललेलं ढोर.

मग त्या कुसुमकडे वळल्या. "बाई, आता डोळे तुमचे. महिन्यातून एकदा यांचा तळवा पाहायचा. लावलेल्या कातडीची कड, बोटांच्या बेचक्या, पोटरी. काळा ठिपका, गाठ, न भरणारी जखम, काहीही दिसलं तर सहा महिने वाट पाहायची नाही. स्वतःचा तळवा माणसाला स्वतःला नीट दिसत नाही." कुसुमनं मान हलवली. बाई म्हणाल्या, एका वहीत लिहून ठेवत जा. म्हणून ही वही. बत्तीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो, कोणत्या गावात कोणत्या गाईला कधी लस टोचली ते लिहीत आलो. आता स्वतःचं ढोर सांभाळायचं आहे.

महिन्यातून एकदा माझ्यानं निभणार नाही. दर रविवारी पाहायचं ठरवलं.

रविवार, १४ ऑगस्ट

आंघोळ झाल्यावर मागच्या दारात बसलो. कुसुमनं पाय मांडीवर घेतला, दाराच्या उजेडाकडे वळवला, अंगठा फिरवला. "काही नाही." इतक्या लवकर? मी म्हटलं, पुन्हा पाहा. तिनं पुन्हा पाहिला. "काही नाही जी."

बाईंनी लिहायला सांगितलंच आहे तर पहिल्यापासून लिहितो. २००७ मध्ये, मी निवृत्त झालो त्या वर्षी, उजव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला. आमच्याकडे काटा रुतला की बिब्बा तापवून त्याचं तेल लावतात. त्याचा काळा डाग महिनोन्महिने जात नाही. मीही लावला. डाग राहिला. दोन वर्षं राहिला, वाढलाही, आणि मी दोन वर्षं म्हणत होतो, बिब्ब्याचा आहे. ज्यानं हजारो बैलांचे खूर उचलून पाहिले त्यानं स्वतःचा पाय उचलून पाहिला नाही. २००९ च्या डिसेंबरात चार बोटं रुंद तळवा काढला आणि मांडीची कातडी लावली. ती कातडी माझी असून माझी नाही, तिथं काही कळत नाही. गरम नाही, गार नाही, टोचलेलं नाही.

रविवार, २८ ऑगस्ट

पाहिला. काही नाही.

विहारात पावसाळ्यातलं, वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू आहे. दरवर्षी बायकांमध्ये कुसुमच वाचते, तिचा आवाज खणखणीत आहे. यंदा तिनं नाही म्हटलं. घसा बसतो म्हणे. घरात तर माझ्यावर ओरडताना बसलेला दिसत नाही. मी तसं बोललो तर हसली नाही. बायको साठीला आली की थट्टा कमी कळते असं दिसतं.

रविवार, ११ सप्टेंबर

पाहिला. काही नाही. जांघ मी स्वतः चाचपतो, रोज. ते काम मला येतं.

शेजारचा श्यामलाल आज कुंपणापाशी थांबला. धानाचं बोलला, युरियाचं बोलला आणि मग माझ्या पायाकडे पाहून म्हणाला, "टेंभुर्णेजी, ये चप्पल सरकारी दवाखान्यातली ना? मेरे चाचा को भी मिली थी." त्याच्या चाचाला महारोग होता, हे सारं आमगाव जाणतं. ही मऊ रबराची काळी चप्पल त्याच रोग्यांना वाटतात. मला डॉक्टरीणबाईंनी लावलेल्या कातडीसाठी घ्यायला लावली. मी म्हटलं, "संधिवात आहे." तो "अच्छा" म्हणाला आणि एक पाऊल मागे सरकला.

कॅन्सर म्हटलं असतं तर काय झालं असतं? लोक भेटायला आले असते, ढोरडॉक्टर मरून राहिला म्हणून. महारोग म्हणतात ते परवडलं की मरणारा म्हणतात ते, हे अजून माझं ठरत नाही. म्हणून पाय कोणाला दाखवायचा नाही. कुसुम सोडून कोणी पाहिलेला नाही आणि पाहणार नाही. पुण्याहून आली तेव्हा अल्कालाही मी मोजा घालूनच भेटलो, आणि ती तर पोटची पोरगी.

रविवार, २५ सप्टेंबर

पाहिला. काही नाही. तांदळात खडा लागला, दाढ दुखून राहिली आहे.

रविवार, ९ ऑक्टोबर

हे लिहू की नको असं झालं आहे. लिहितो.

सकाळी दाढी केल्यावर सहज आरसा पायाखाली धरला. आरसा जुना, कोपऱ्यातला पारा उडालेला. तळव्याच्या आतल्या बाजूनं, कातडीच्या कडेला, काहीतरी काळपट दिसलं. मसुराच्या डाळीएवढं. पाय हलवला तर ठिपका हलला, म्हणजे पाऱ्याचा डाग नसावा. मग म्हटलं, हात थरथरतो आहे, आरसाच हलला असेल.

कुसुमला हाक मारली. पाय तिच्या मांडीवर दिला, पण ठिपका दिसला असं सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "आज कडेनं नीट पाहा, आतल्या अंगानं." तिनं बराच वेळ पाहिला. अंगठा कडेकडेनं फिरवला, थांबला, पुन्हा फिरवला. माझा जीव तिच्या अंगठ्याखाली होता.

"काही नाही," ती म्हणाली.

"नक्की?"

"सांगतलं ना जी, काही नाही. गुळगुळीत आहे."

मी तिथंच दोन मिनिटं डोळे मिटून बसलो. मग थैली घेतली आणि बाजारातून गावठी कोंबडी आणली. कुसुमनं झणझणीत रांधली, मीठ थोडं जास्त पडलं होतं, पण मी काही बोललो नाही. दोनदा भात घेतला. इतकं चवीनं बऱ्याच दिवसांत जेवलो नव्हतो.

सोमवार, १० ऑक्टोबर

आज आरशात पाहिलं नाही. तिनं पाहिलं आहे, मग पुन्हा कायला पाहायचं.

रविवार, ३० ऑक्टोबर

पाहिला. काही नाही.

दिवाळी झाली, गावोगावी मंडईच्या जत्रा सुरू झाल्या. पाहुण्यांची ये-जा आहे. काल श्यामलाल फराळाचं ताट घेऊन दारात आला तर कुसुम त्याला म्हणाली, "कोन होय जी?" वीस वर्षांपासूनचा शेजारी! बिचारा खजील झाला. चपलेचं बोलला होता तो राग तिनं धरला असावा. बायकांचा राग असाच असतो, आपण विसरतो, त्या सांभाळून ठेवतात.

अल्काला फोन लावायचा तरी मोबाईल माझ्याच हातात देते. "तुमीच लावा, मले नाही जमत." दोन वर्षं जमत होतं. आणि एक नवीन खोड लागली आहे तिला: उंबरा आला की पायाच्या बोटानं आधी चाचपते, मग पाऊल टाकते, नव्या नवरीसारखी. मी म्हटलं, माप ओलांडायला ठेवू का? तर चिडून आत गेली.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

आज भलतंच झालं. वस्तीतली आशा कार्यकर्ती रीता घरोघर सर्वे करत आली. हातात फॉर्म, खांद्याला झोळी. "काका, अंगावर चट्टा, बधिरपणा काही?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "पायाला आहे म्हणून सांगतलं कोणी. दाखवा ना. लवकर कळलं तं गोळ्यानं बरा होते."

कोणी सांगितलं ते विचारायची गरजच नव्हती. मी उठलो आणि तिला सांगितलं, "पोरी, तू शाळेत जात होतीस तेव्हापासून मी सुया टोचून राहिलो आहे. माझा पाय पाहायचा तुला अधिकार नाही. नीघ." आवाज फारच चढला. ती निघाली नाही. कुसुमकडे वळली आणि म्हणाली, "काकू, तुमाले दिसते का बरोबर? साठीच्या वरच्या सगळ्यायचं लिहायचं आहे. हे किती बोटं?"

कुसुम म्हणाली, "माह्या चुलीवर भाजी आहे," आणि आत गेली.

मग मी दार लावून घेतलं. रीताचा चेहरा एवढासा झाला होता. संध्याकाळी वाईट वाटलं. पण पाय म्हणजे काही चावडी नाही.

रविवार, २० नोव्हेंबर

पाहिला. काही नाही. आज मी तिला म्हटलं, तू पाहत नाहीस, कुरवाळतेस. तिचा हात थंडगार होता.

रविवार, ४ डिसेंबर

पाहिला. काही नाही.

आरसा कपाटावर टाकून दिला आहे. पारा उडालेला आरसा माणसाला वेड लावतो. दाढीला नवीन आणायचा म्हणतो आहे, पण बाजारात गेलो की विसरतो. दोनदा दुकानासमोर उभा राहून परत आलो. फेब्रुवारीला अजून दोन महिने आहेत.

पहाटे जाग येते आणि तळव्यात काहीतरी सरपटल्यासारखं वाटतं. जिथं कळतच नाही तिथं सरपटणार काय? हे मला समजतं. तरी वाटतं. मग रविवारची वाट पाहतो. तिनं ते दोन शब्द म्हटले की तीन-चार दिवस बरे जातात. गुरुवारपासून पुन्हा सुरू होतं.

रविवार, १८ डिसेंबर

अक्षर लागलं नाही तरी चालेल, पण आजचं आजच लिहितो.

सकाळी कुसुमच्या हातून चहाचा कप फुटला. तिनं झाडून घेतलं. मी आंघोळ करून अनवाणीच दारात येऊन बसलो आणि पाय तिच्या मांडीवर दिला. तिनं उन्हाकडे वळवला, अंगठा फिरवला आणि म्हणाली, "पाय ओला काऊन आहे जी? पुसला नाही का?"

"पुसला की."

तिनं पदरानं पुसला. पुन्हा हात फिरवला, पुन्हा पुसला. मग म्हणाली, "काही नाही."

मी पाय घेऊन उठणार तोच तिचा पदर दिसला. रक्तानं भरला होता. तिची बोटं लाल, मांडीवरचं लुगडं लाल, आणि आंघोळीच्या मोरीपासून दारापर्यंत माझ्या पायाचे ठसे लाल. कपाचा तुकडा तळव्यात बसला होता, कातडीला कळलंच नव्हतं. आणि ती माझ्याकडे चेहरा करून शांत बसली होती. माझ्याकडे म्हणजे माझ्या कानाच्या थोडं बाजूला.

मी तीन बोटं उभी केली. "कुसुम, किती?"

"तुमी ढोरं तपासता तशी मले तपासू नोका," ती म्हणाली. आणि मग लाल हातांनीच तोंड झाकून घेतलं.

बुद्धपौर्णिमेपासून तिला धुकं दिसतं आहे. आधी डावा डोळा, मग उजवा. म्हणजे नागपूरला डॉक्टरीणबाई "आता डोळे तुमचे" म्हणाल्या तेव्हाही. म्हणजे या वहीत लिहिलेला एकही रविवार खरा नाही.

मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही, पण एक लिहितो, कारण ते मी बोललो: "तू मला मारलंस." त्यावर ती म्हणाली, "मंग कोणाले दाखवला असता तुमी पाय? सांगा ना. पोरीले? त्या रीताले तं हाकललं. मी नाही म्हटलं असतं तं तुमी कोणालेच दाखवला नसता. मी म्हटलं, गाठ आली तं बोटाले तरी समजन. म्हणून बोटानं पाहून राहिली होती."

काच काढली, हळद दाबली, पट्टी बांधली. मी स्वतःच बांधली. मग ही वही पहिल्यापासून वाचली. विहारातलं वाचन, खडा, मीठ, श्यामलाल, फोन, उंबरा. म्हशीची नजर गेली की ती उंबऱ्यापाशी अडते, पाय चाचपून टाकते, हे मी शेकडो शेतकऱ्यांना सांगितलं आहे. त्यांना खुणा दाखवून दिल्या आहेत. माझ्याच घरात त्या सगळ्या खुणा मी माझ्या हातानं लिहिल्या आणि वर थट्टा केली.

आरशाची गोष्ट मी तिला सांगितली नाही. ती म्हणाली, चूक माझी, आणि मी तिला तसं म्हणू दिलं.

सोमवार, १९ डिसेंबर

सकाळी रीताच्या घरी गेलो. धान वाळत घालत होती. मी म्हटलं, "पोरी, त्या दिवशी चुकलो. पाय पाहून दे." तिनं काहीच टोमणा मारला नाही. खाट टाकली, झोळीतून बॅटरी काढली, पट्टी सोडली.

तिनं उजेड कडेकडेनं फिरवला. मग म्हणाली, "काका, काचेचं तं भरून येईन. हे काय आहे? काळं?"

"कुठं?"

"कडेले. वालाच्या दाण्याएवढं आहे. अन् बाजूले अजून एक बारीक. हे कधीपासून आहे काका?"

मी म्हटलं, "माहीत नाही." ती म्हणाली, हा महारोग नाही. मी म्हटलं, नाही, कॅन्सर आहे. दोन वर्षांत घराबाहेर पहिल्यांदा तो शब्द बोललो. रीतानं बॅटरी बंद केली आणि विचारलं, "उद्याची गाडी पकडता का परवाची?"

निघताना तिनं फॉर्म काढला आणि कुसुमचं नाव मोतीबिंदूच्या शिबिरासाठी लिहून घेतलं. दहा जानेवारी, गोंदिया.

गुरुवार, २२ डिसेंबर

काल नागपूरला तुकडा काढला. रिपोर्ट चार जानेवारीला. डॉक्टरीणबाई नव्हत्या, त्यांच्या हाताखालचे डॉक्टर होते. जांघ चाचपून ते काही बोलले नाहीत. न बोलणाऱ्या डॉक्टरचं काय करावं? मी स्वतः असा गप्प राहिलो की शेतकरी समजायचा, गाय जाते.

गुरुवार, २९ डिसेंबर

काही घडलं नाही म्हणून लिहायचं नव्हतं. पण मला भीती वाटते. साधी, पोटातली भीती. दिवसातून वीस वेळा जांघ चाचपतो. चाचपून चाचपून तिथं दुखायला लागलं, आणि दुखतं म्हणून अजून भीती वाटते.

कुसुम माझ्याशी कामापुरतं बोलते. जेवायला वाढताना म्हणाली, "मी मेली असती तं बरं होतं." मी म्हटलं, असं बोलू नको. याच्यापुढं एक वाक्य बोलायचं होतं, ते बोललो नाही. भातात कालवून गिळलं.

गुरुवार, ५ जानेवारी २०१२

परत आला आहे.

काल डॉक्टरीणबाईंनी कागद वाचून सरळ सांगितलं. जुन्या जागेच्या कडेलाच आला आहे. पुन्हा कापायचं, या वेळी जास्त, आणि जांघेतल्या गाठीही काढून तपासायच्या. पंचवीस तारीख दिली. मग त्यांनी विचारलं, "हे केव्हापासून दिसतं आहे?"

मी तोंड उघडायच्या आत कुसुम खुर्चीतून उठली. हात जोडले. टेबलाच्या दिशेनं जोडले, बाई बसल्या होत्या त्याच्या जरा उजवीकडे. "बाई, माही चूक आहे. मले दिसत नव्हतं. मी दर रविवारी खोटं बोलली. ह्यायचा काही दोष नाही."

त्या खोलीत दोन शिकाऊ डॉक्टर होते, एक नर्स होती. सगळ्यांसमोर ती हात जोडून उभी, आणि तिला हेही दिसत नव्हतं की ती भिंतीसमोर उभी आहे. मला ते पाहवलं नाही.

"ऑक्टोबरपासून आहे," मी म्हणालो. "नऊ ऑक्टोबर. मी आरशात पाहिला होता."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तेव्हाच का नाही आलात?"

"मला यायचं नव्हतं," मी म्हणालो.

गाडीत कुसुम एक शब्द बोलली नाही. भंडारा रोड गेलं, तुमसर गेलं. मी चहा घेतला, तिनं घेतला नाही. तिरोड्याला गर्दी उतरली तेव्हा खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मले दिसत नव्हतं, म्हणून मी खोटं बोलली. तुमाले दिसलं, अन् तुमी कोंबडी आणली."

मी रिकामा कप सीटखाली सरकवला.

"अन् मी रांधली," ती म्हणाली. "अडीच महिने मी जीव जाळून राहिली, अन् तुमाले मालूम होतं."

मला लाज वाटली. नोकरीत एकदा मुदत संपलेली लस टोचली होती तेव्हाही अशी वाटली नव्हती. मी दर रविवारी तिच्या मांडीवर पाय ठेवायचो तो पाहून घ्यायला नाही. मला फक्त ते दोन शब्द पाहिजे होते, आणि ते मी तिच्याकडून वसूल करत होतो. ती आंधळी होत होती हे मला कळलं नाही म्हणून नाही कळलं, की कळून घ्यायचं नव्हतं म्हणून, हे आता कोणत्या आरशात पाहू?

बुधवार, ११ जानेवारी

अल्कानं फोनवर हट्ट धरला होता, आधी बाबांचं ऑपरेशन, आईचा डोळा नंतर. मी ऐकलं नाही. माझी तारीख पंचवीसच आहे, ती काही मागे येत नाही. काल गोंदियाला कुसुमच्या उजव्या डोळ्याचं झालं. आज सकाळी पट्टी काढली.

नर्सनं विचारलं, "आजी, दिसतं का?" कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. कानाकडे नाही, माझ्याकडे. बराच वेळ पाहिलं.

"किती म्हातारे झाले जी तुमी," ती म्हणाली.

सात दिवसांत बोललेलं हे पहिलं वाक्य. मला इतका आनंद झाला की नर्सला नमस्कार केला. घरी आल्यावर काळा चष्मा लावून ती घरभर फिरली आणि कोपऱ्यांतली जाळी मोजली. म्हणाली, मी इतके दिवस कोळ्यांच्या घरात राहून राहिली होती, अन् तुमी सांगतलं नाही. मी म्हटलं, मला वाटलं तुला आवडतात. हसली नाही, पण झाडू माझ्या हातात दिला.

पाय तिनं मागितला नाही. मीही दिला नाही. पंधरा तारखेचा रविवार तसाच गेला तर जाऊ दे, असं मनात म्हणतो आहे.

रविवार, २२ जानेवारी

परवा नागपूरला निघायचं. सामान बांधून झालं.

गेल्या रविवारी ती काही बोलली नव्हती. आज आंघोळ झाली तसा मी मुकाट्यानं आतल्या खोलीत जाऊन बसलो. कुसुम दारात आली. "बाहेर या."

"आत बस ना."

"आत उजेड नाही."

तिनं अंगणात, भर उन्हात खाट टाकली. मी म्हटलं, लोक पाहतील. ती म्हणाली, पाहू द्या. मी लुंगी गुडघ्यावर घेऊन बसलो, पट्टी सोडलेला पाय तिच्या मांडीवर. आणि व्हायचं तेच झालं. श्यामलाल कुंपणाशी आला. "क्या चल रहा है, भाभीजी?"

कुसुमनं मानसुद्धा वर केली नाही. "ह्यायले कॅन्सर आहे. महारोग नाही. बुधवारी तळवा कापून राहिले. पाहाचं असन तं इकडून या, तिथून दिसत नाही."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. श्यामलाल जागच्या जागी उभा राहिला. मग फाटक उघडून आत आला, खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि हळूच म्हणाला, "गाडी किती वाजता आहे? मी स्टेशनपर्यंत सोडून देतो." पाऊल मागे सरकवलं नाही त्यानं.

कुसुम पाहत होती. या वेळी अंगठा नाही, डोळा. काळा चष्मा कपाळावर चढवून तिनं तळवा उन्हाकडे वळवला. कड पाहिली, टाके पाहिले, एकेक बेचकी दोन बोटांनी फाकवून पाहिली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. इतकी वर्षं तिचं तोंड मी कधी असं पाहिलं नव्हतं. ओठ हलत होते, मोजत असल्यासारखे. मग टाच, मग घोटा, मग पोटरी. पोटरीवर तिची नजर थांबली.

तिथून हलली नाही.

"काय आहे?" मी विचारलं.

ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "इथं अजून एक आहे."

श्यामलालनं मान खाली घातली. कुसुमच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, ऑपरेशनचा डोळा की दुसरा ते समजत नव्हतं, पण तिनं पाय सोडला नाही. म्हणाली, "डाक्टरीणबाईले दाखवाचं आहे. लिहा."

मी वही घेतली आणि लिहिलं: उजवी पोटरी, आतल्या अंगानं, घोट्याच्या वर चार बोटं. खसखशीएवढा काळा ठिपका. २२ जानेवारी.

दोन वर्षं मी हे वाक्य ऐकायला घाबरत होतो. वाटायचं, कोणी असं म्हटलं की मी तिथंच आडवा होईन. झालो नाही. ऊन होतं, खाटेची दोरी मांडीला टोचत होती, भीती होती तेवढीच होती. फक्त ती आता माझ्या एकट्याची नव्हती.

"झालं लिहून?" कुसुमनं विचारलं.

"झालं."

"द्या मंग तो दुसरा पाय."